मालवाहू गाडीचा अल्टरनेटर का तापतो?

पहाटेचे साडेतीन-चार वाजले की वाशीच्या घाऊक भाजीबाजारातून लहान मालवाहू गाड्यांची रांग मुंबईच्या दिशेने निघू लागते. खाडीपूल ओलांडून मानखुर्द, तेथून घाटकोपर, पुढे विक्रोळीपाशी डावीकडे वळून पवईच्या तळ्याकाठाने जोगेश्वरी, आणि मग कोणी अंधेरीस तर कोणी बोरिवलीस, असा त्यांचा नित्याचा मार्ग असतो. सकाळी आठ वाजता पार्ल्याच्या वा मुलुंडच्या गृहिणीच्या हाती जी मेथीची जुडी पडते, ती बहुधा अशाच एखाद्या डिझेल पिकअपमधून आलेली असते. उपनगरांत या गाडीस सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव वस्तुतः एका जर्मन कारखान्याच्या तीनचाकी गाडीचे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या गाड्या प्रथम गोरेगावात बनविल्या, आणि पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस गेला. गाड्या बदलल्या, चाके तीनाची चार झाली, परंतु नाव मात्र लोकांनी सोडले नाही.

अशी एखादी भरलेली गाडी पवईच्या चढावर, पावसात, वाहनांच्या गर्दीत अडकली आहे अशी कल्पना करावी. समोरच्या फलकावर बॅटरीच्या आकाराचा तांबडा दिवा लुकलुकू लागतो. काही जळल्यासारखा वास येतो. चालक गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडतो, तो इंजिनाच्या बाजूस नारळाएवढे जे यंत्र बसविलेले असते त्यावर पडलेला पावसाचा थेंब चर्रर्र करून उडून जातो. जवळच्या गॅरेजातला मिस्त्री एक नजर टाकून म्हणतो, “शेठ, दिनामा गेला.” नवे यंत्र बसते, त्या दिवसाचे भाडे बुडते, नासलेल्या भाजीचा भुर्दंड वेगळाच. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु अनेकदा महिन्यापंधरा दिवसांत नवे यंत्रही तसेच तापते व जळते. पहिल्या वेळी जळले ते यंत्र, हे खरे. दुसऱ्या वेळी जळते ते मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाच्या दोषाने. तो दोषी कसा हुडकावा, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम या यंत्राचे काम समजून घेतले पाहिजे. गाडीत बॅटरी असते, पण बॅटरी वीज उत्पन्न करीत नाही, ती केवळ साठवून ठेवते. गाडी एकदा चालू झाली म्हणजे दिवे, वायपर, पंखा व इंजिनाचे नियंत्रण या सर्वांस लागणारी वीज इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर पुरवितो, आणि सुरू करताना बॅटरीतून जे खर्ची पडले तेही भरून काढतो. चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरला की त्या तारेत वीज उत्पन्न होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिले. त्या तत्त्वावर पूर्वी मोटारींत डायनॅमो असे. त्याचा मोठा अवगुण असा की इंजिन मंद चालत असता तो जवळजवळ काहीच देत नसे. विजेचा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट गाडीत तो नेहमीचा भाग म्हणून दिला आणि हळूहळू साऱ्या जगाने तो उचलला. मिस्त्र्यांच्या बोलीत मात्र ‘दिनामा’ हे नाव टिकून आहे. अल्टरनेटरमधील व्होल्टेज आवरून धरणाऱ्या भागासही जुन्या सवयीने ‘कटआऊट’ असेच म्हणतात.

यंत्राच्या पोटात एक फिरते वेटोळे असते. दोन गुळगुळीत कड्यांवर टेकलेल्या कार्बनांमधून त्यास थोडीशी वीज दिली की त्याचा चुंबक बनतो. भोवती स्थिर तारांचे तीन संच असतात, त्यांत खरी वीज उत्पन्न होते. ही वीज उलटसुलट दिशेने वाहणारी असते, आणि मागच्या बाजूस बसविलेले सहा डायोड तिला एका दिशेस लावून बॅटरीच्या उपयोगाची करतात. कटआऊटचे काम एवढेच की व्होल्टेज साडेचौदाच्या फारसे वर जाऊ नये म्हणून त्या फिरत्या चुंबकाची शक्ती कमीजास्त करावयाची.

आता उष्णतेचा हिशेब मांडून पाहू. पन्नास अँपिअर वीज चौदा व्होल्टने द्यावयाची म्हणजे ७०० वॅट झाले. एवढे देण्यासाठी हे यंत्र पट्ट्याकडून सुमारे १२०० वॅट घेते. उरलेले ५०० वॅट कोठे जातात? तारांत, लोखंडात, डायोडांत व बेअरिंगांत त्यांची उष्णता होते. घरात कपड्यांची इस्त्री १००० वॅटची असते. तिच्या निम्मी उष्णता या नारळाएवढ्या डब्यात सतत उत्पन्न होत असते आणि ती बाहेर घालविण्यास त्याच्याच दांड्यावरचा लहानसा पंखा काय तो आधार. शिवाय हे सर्व तापलेल्या इंजिनाच्या कुशीत! तेव्हा अल्टरनेटर गरम लागतो म्हणून तो बिघडला, असे समजणे चूक आहे. भरपूर काम करणाऱ्या निरोगी यंत्राचे कवच ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत सहज जाते व आतल्या तारा त्याहून पुष्कळ अधिक तापतात. मनुष्याच्या तळहाताला साठ अंशही सोसत नाहीत. म्हणून चालू गाडीत हात लावून केलेले निदान निरर्थक, आणि फिरत्या पट्ट्याशेजारी हात नेल्यामुळे धोक्याचेही होय.

उष्णतेचा दुष्परिणाम मात्र चक्रवाढीने होतो. तांबे तापले की त्याचा विजेस होणारा विरोध वाढतो. शंभर अंशांच्या वाढीस तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि विरोध वाढला की आणखी उष्णता. तारेवरील रोगणाचे लुकण तर मर्यादेबाहेरच्या दर दहा अंशांस आपले निम्मे आयुष्य गमावते, असा विद्युत्‌शास्त्रातील स्थूल नियम आहे.

मुंबईच्या उपनगरांतील रस्ते या यंत्रास विशेष जाचक का, हेही यावरून कळेल. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच दांड्यावर असल्यामुळे इंजिन मंद झाले की पंखाही मंद होतो. मोकळ्या महामार्गावर गाडी धावते तेव्हा वारा भरपूर मिळतो. अंधेरी-कुर्ला मार्गावर किंवा घाटकोपरच्या लालबहादुर शास्त्री मार्गावर गाडी तासन्‌तास पुढे सरकते न सरकते अशी उभी असते. विजेची मागणी मात्र कमी होत नाही. पुढचे दोन दिवे सव्वाशे वॅट घेतात, हवेचा झोत शंभराच्या आसपास, वायपर पन्नासेक, इंजिनाचे नियंत्रण व इंधनाची व्यवस्था मिळून आणखी शंभर-सव्वाशे, मागचे दिवे वेगळे. बेरीज चारशेच्या पुढे, म्हणजे तीस अँपिअर. पाऊणशे अँपिअरचे म्हणून विकले जाणारे यंत्र मंद इंजिनावर त्याच्या निम्मेच देऊ शकते. कसेबसे भागते, परंतु शिल्लक काही उरत नाही. त्यातच हौसेने बसविलेले शंभर-शंभर वॅटचे जादा दिवे असले, किंवा गणेशोत्सवात गाडीवर ध्वनिक्षेपक चढवून ते बॅटरीवर चालविले, की मर्यादा ओलांडलीच. सहाशे वॅटचा इन्व्हर्टर एकटाच पन्नास अँपिअर ओढतो. मिरवणुकीत पावलापावलाने चालणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर दुसऱ्या दिवशी जळालेला निघाला, तर त्यात आश्चर्य ते कसले?

जादा दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही, तरीही यंत्र तापते, अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. प्रत्यक्षात तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते, कारण ती ‘गाडी सुरू तर करते आहे’. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात व प्रत्येक घर दोन व्होल्टहून किंचित अधिक देते. रात्रभर स्वस्थ राहिलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. त्यांतील एक घर आतल्या आत जोडले जाऊन निकामी झाले की बाकीच्या पाचांची बेरीज साडेदहा. कटआऊट बिचारे साडेचौदा गाठण्याच्या आज्ञेने बांधलेले. ही पाच घरांची बॅटरी कितीही वीज दिली तरी भरल्याचे समाधान दाखवीत नाही. परिणामी अल्टरनेटर दिवसभर पूर्ण ताकदीने वीज ओतत राहतो. गळक्या हंड्यात नळ सोडून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. अशा गाडीत कितीही उत्तम नवे यंत्र बसविले तरी ते टिकावयाचे नाही. नवे यंत्र पंधरा दिवसांत जळण्याच्या कहाणीत खलनायक पुष्कळदा हाच असतो.

याची ओळख नाकाने व हाताने होऊ शकते. बॅटरीची सहा घरे जर झाकणे काढून पाहता येण्याजोगी असतील, तर एका घरातले पाणी इतरांहून फार लवकर आटते किंवा उकळल्यासारखे बुडबुडे सोडते. बॅटरी एका बाजूस अधिक गरम लागते. नासलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. तो गंधकाचा वायू असून त्याबरोबर पेट घेणारा हायड्रोजनही असतो, म्हणून तेथे काडी ओढून डोकावणे जिवावर बेतेल. वासांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगितले पाहिजे की, चालकाचे नाक हे या बाबतीत पुष्कळ यंत्रांहून चांगले साधन आहे. नासक्या अंड्याचा वास आला तर बॅटरी. जळक्या रबराचा आला तर पट्टा घसरतो आहे. जळक्या रोगणाचा, किंचित गोडसर व डोळ्यांत झोंबणारा वास आला तर मात्र तारांचे लुकण जळते आहे, आणि मग त्या यंत्राची आशा फारशी नाही.

बॅटरी निर्दोष ठरली तर पुढचा संशय जोडांवर. उपनगरांची हवा दमट आणि वर्सोवा, मढ, गोराईच्या बाजूस ती खारटही. बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी भुकटी जमते, शरीरपट्टीस व इंजिनास जोडणारी जाड तार आतून सडते, बाहेरून मात्र ठाकठीक दिसते. जोडात अर्ध्या व्होल्टची गळती झाली व त्यातून पन्नास अँपिअर जात असले तर त्या एका नटाखाली पंचवीस वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाराची डाग देण्याची लेखणी साधारण एवढ्याच ताकदीची असते. अल्टरनेटरच्या मागच्या खुंटाभोवतीची काळी खापरी वितळलेली दिसली तर पुष्कळदा हेच कारण. याची परीक्षा सोपी आहे व ती साध्या मीटरने होते. इंजिन चालू, दिवे व पंखा चालू, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य खुंटास व दुसरे बॅटरीच्या धन टोकास लावावे. आकडा ०.३ व्होल्टच्या वर असेल तर मधल्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे. तसेच यंत्राचे कवच व बॅटरीचे ऋण टोक यांच्या दरम्यान पाहावे, तेथे ०.२ पुरे. आश्चर्य असे की हे दोन आकडे घेण्यास पाच मिनिटे लागत नाहीत, आणि तरी ते न घेता हजारो रुपयांचे यंत्र बदलले जाते.

बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मिळणारे व्होल्टेजही येथेच पाहून घ्यावे. साडेतेरा ते साडेचौदा असेल तर ठीक. पंधराच्या वर गेले तर कटआऊट आवरत नाही, म्हणून बॅटरी व यंत्र दोन्ही तापणार. एक बारकावा असा की पुष्कळ कटआऊटे गरम झाल्यावर आपणहून व्होल्टेज थोडे उतरवितात. तेव्हा दोन तास चाललेल्या गाडीत साडेतेराच्या जवळपासचा आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही.

पट्ट्याविषयी फार सांगावयास नको. सैल पट्टा घसरतो, कप्पी तापते व ती उष्णता दांड्यावाटे पुढच्या बेअरिंगात जाते. अति ताणलेला पट्टा बेअरिंगच मोडतो. जुन्या पद्धतीच्या पट्ट्यास, इंजिन बंद असता, लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबले तर तो बोटभर जाडीचा, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर लवावा. स्वयंचलित ताण असलेल्या गाड्यांत ही तपासणी लागू नाही.

यापुढचा भाग मात्र डिझेल गाडीचा खास आहे, आणि पेट्रोल गाडी हाताळणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनाही तो सहसा ठाऊक नसतो. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. ती अर्धवट बंद असता पलीकडे निर्वात उत्पन्न होतो आणि त्याच्या बळावर ब्रेक हलके लागतात. डिझेल इंजिनात तशी अडविणारी झडप नसल्यामुळे हा निर्वात आयता मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडील अनेक डिझेल पिकअप गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच्याच दांड्यावर बसविलेला असतो. इंजिनाचे तेल एका बारीक नळीने त्यात येते व जाड नळीने परत तेलाच्या तळ्यात जाते.

या एका रचनेमुळे अल्टरनेटरचे दुखणे केवळ विजेचे राहत नाही. तेलाची नळी तुंबली, किंवा इंजिनातच तेल कमी असले, तर पंपाच्या पात्या कोरड्या घासतात आणि त्यांची उष्णता थेट मागच्या बेअरिंगात शिरते. पंप व यंत्र यांच्यामधील रबरी सील फाटले तर तेल उलट बाजूस, म्हणजे कार्बन व कड्यांवर उतरते. त्यावर कार्बनची भुकटी मिसळून काळा चिकटा तयार होतो, ठिणग्या उडतात, हवेची छिद्रे बुजतात. बाहेरून पाहणारास वाटते की यंत्र तापून जळाले. खरे कारण आठ-दहा सेंटिमीटर मागे, पंपाच्या सीलमध्ये असते. यंत्राचे मागचे तोंड तेलकट दिसले तर नुसता अल्टरनेटर दुरुस्त करून घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

आणि याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. ज्या गाडीत पंप व अल्टरनेटर एकाच दांड्यावर आहेत तेथे पट्टा तुटला, की बॅटरी भरणे थांबते आणि त्याच क्षणी ब्रेकचा निर्वातही नवा उत्पन्न होईनासा होतो. साठ्यात उरलेल्या निर्वातावर एक-दोनदा पाय हलका पडतो. त्यानंतर पायाखाली जणू दगड आल्यासारखे वाटते. ब्रेक नाहीसे होत नाहीत, पण त्यांस लागणारे बळ अनेक पटींनी वाढते. टनभर बटाटे भरलेली गाडी जोगेश्वरीच्या उड्डाणपुलाच्या उतारावर असता हा शोध लागणे कोणासही परवडणारे नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिनास थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, तेव्हा इंजिन तापणे हे ओघानेच आले. म्हणून तांबडा दिवा लागला असता चालकाने विजेच्या आधी ब्रेकचा विचार केला पाहिजे. परीक्षा साधी आहे: इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा म्हणजे तो कठीण होतो. पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पाय किंचित खाली गेला तर पंप काम करीत आहे. न गेला तर गाडी तेथून हलवू नये.

डायोडांची तपासणी करण्यास मीटर हवे, परंतु एक खूण बिनमीटरची आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी, सुरू करण्यापूर्वी, उघडावे. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर मात्र कोमट लागला, तर बॅटरीतील वीज रात्रभर त्यात शिरत होती हे निश्चित. डायोड उलट दिशेने गळतो आहे किंवा कटआऊट बंद होत नाही, यांपैकी एक. अशी गाडी सकाळी सुरू होताना कुरकुरते, मालक बॅटरी बदलतो, आणि चार दिवसांनी तेच. निकामी डायोडामुळे आतल्या आत प्रवाह फिरत राहतो, यंत्र गुरगुरते व तापते. बॅटरीच्या टोकांवर मीटर प्रत्यावर्ती विजेच्या खुणेवर ठेवून पाहिले असता अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर संशय पक्का करावा.

पावसाळ्याचा उल्लेख केल्यावाचून मुंबईतील कोणत्याच यंत्राची कहाणी पुरी होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तो दिवस अपवादाचा खरा, पण अंधेरीच्या भुयारी मार्गात गुडघाभर पाणी साचणे हे पावसाळ्यात नित्याचेच. अल्टरनेटर अनेक गाड्यांत खालच्या अंगास असतो, त्यात हे गढूळ पाणी शिरते. त्या दिवशी काही होत नाही. गाडी चालू राहते आणि चालक निर्धास्त होतो. चिखल वाळून हवेच्या वाटा बुजतात, बेअरिंगातील ग्रीस धुपते, कडी गंजतात, आणि गणपतीच्या सुमारास किंवा ऑक्टोबरच्या उन्हात यंत्र तापू लागते. कारण व परिणाम यांत दोन महिन्यांचे अंतर पडल्यामुळे कोणी त्यांची सांगड घालीत नाही. गाडी धुताना पाण्याचा जोरकस फवारा थेट या यंत्रात मारणे हाही त्याच जातीचा अपराध होय. इंजिनाखालचा पत्रा एकदा काढला की तो परत न बसविण्याची जी गॅरेजी चाल आहे, तीही येथेच भोवते.

गॅरेजी चालींपैकी आणखी एक तर समूळ सोडली पाहिजे. इंजिन चालू असता बॅटरीचे टोक उपसून काढावयाचे, गाडी चालू राहिली तर दिनामा चांगला आणि बंद पडली तर वाईट, अशी ही परीक्षा. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरात बॅटरी एकाएकी सुटली म्हणजे व्होल्टेज क्षणभर उसळते, आणि त्या क्षणात डायोड फुटतात किंवा इंजिनाचा नियंत्रक बाद होतो. पूर्वीच्या डिझेल इंजिनास एकदा सुरू झाल्यावर विजेची जवळजवळ गरज नसे. ठिणगीवाचून केवळ दाबाने इंधन पेटते हाच तर त्याचा विशेष. तसली गाडी बॅटरी मेल्यावरही दिवसाउजेडी घरी येई. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या धूरनियमांनंतर विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत मात्र इंधनाचा प्रत्येक फवारा विद्युत्‌नियंत्रकाच्या आज्ञेने होतो. वीज संपली की इंजिन आहे तेथे थांबते, आणि पाठीमागच्या रांगेतून भोंग्यांचा आक्रोश सुरू होतो.

मग पवईच्या चढावर अडकलेल्या त्या चालकाने काय करावे? प्रथम पट्टा जागेवर आहे की नाही हे इंजिन बंद करून पाहावे. नसेल तर गाडी ओढून न्यावी. दुसरा मार्ग नाही. पट्टा आहे व ब्रेकची परीक्षा उतरली, तर झोत, गाणे, जादा दिवे बंद करून पुढचा प्रवास करावयास हरकत नाही. चांगली भरलेली सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी पुढचे दिवे व इंजिन यांस तास-दीड तास पुरते, आणि पवईहून बोरिवली वीस किलोमीटरच्या आत आहे. वाटेत इंजिन बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू करण्यास सर्वांत अधिक वीज लागते. जळक्या रोगणाचा वास वा धूर मात्र असेल तर इंजिन लागलीच थांबवून, ते पूर्ण थांबल्यावर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि आगीचा धोका पत्करू नये.

गॅरेजात पोहोचल्यावर चालकाने मिस्त्र्याला “नवा बसवा” असे न सांगता “आधी बॅटरी बघा” असे सांगावे. बॅटरी, मग जोड, मग पट्टा, मग तेलकटपणा, आणि सर्वांत शेवटी खुद्द यंत्र, या क्रमाने गेल्यास अर्ध्या तासात उत्तर मिळते. यंत्र खोलावे लागलेच तर नुसते कार्बन वा बेअरिंग बदलून पुष्कळदा भागते. तारा काळ्या पडून ठिसूळ झाल्या असतील तर त्या पुन्हा गुंडाळण्यापेक्षा चांगल्या बनावटीचे पूर्ण यंत्र घेणे अखेरीस स्वस्त पडते. जुन्या बाजारातून उचललेल्या यंत्राची ताकद व कप्पीचा व्यास मूळच्याशी जुळतो की नाही हे पाहावे, कारण लहान-मोठी कप्पी म्हणजे दांड्याचा वेगच बदलला. पाठीवर पंप असलेले यंत्र बसविताना पंपात आधी तेलाचे चार थेंब सोडावयाचे असतात व दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत हे फुंकून पाहावयाचे असते. घाईत हे राहून जाते. पैसे देण्यापूर्वी दिवे, वायपर व झोत चालू ठेवून मंद इंजिनावर व्होल्टेज पाहून घ्यावे, ब्रेक दाबून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाशीस निघण्याच्या आधी बॉनेट उघडून यंत्रावर हात ठेवावा. तो इंजिनाइतकाच गार लागला पाहिजे.